रोजचंच तर आहे!

विमान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं हो? हसतमुख हवाईसुंदरी, खिडकीबाहेरचे कापसासारखे ढग, नाहीतर परदेशी निघालेल्या लेकाला निरोप देताना भरून आलेले डोळे. माझ्या डोळ्यांपुढं मात्र एक काचेची बरणी येते! हसू नका. माझ्या यजमानांनी ३२ वर्षं विमानतळावरच्या इंधन डेपोत काढली, आणि त्या ३२ वर्षांतली कितीतरी पहाट त्यांनी काचेच्या बरणीत डोळे घालून घालवली.

सुरुवातीला मला वाटायचं, पेट्रोलपंपावर स्कूटरमध्ये पेट्रोल भरतात तसंच विमानातही भरत असतील. नळी लावली, आकडे फिरले, पैसे घेतले, चला पुढं! मग हे पहाटे चारला उठून जातात तरी कशाला? विचारलं की उत्तर ठरलेलं, "तपासणी असते." काल केली होती ना? "आजची आज." तुम्हीच सांगा, असल्या उत्तरानं कुणा बाईचं समाधान होईल?

पुढं १९९४ च्या मार्चमध्ये सुरक्षा सप्ताहात डेपोवाल्यांनी सगळ्या कुटुंबांना बोलावलं. ४ मार्च हा आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्यानिमित्त. मुलांना घेऊन मी गेले, आणि 'तपासणी' या एका शब्दात काय काय भरलंय ते डोळ्यांनी पाहिलं. तेच आज तुम्हाला सांगायचंय. विमानात बसायचा योग आपल्यापैकी काहींना येईल, काहींना नाही. पण स्वयंपाकघर सगळ्यांनाच आहे, आणि दोन्हींचं नातं तुम्हाला वाटतं त्याहून जवळचं आहे.

जेट विमानाला लागतं ते इंधन म्हणजे अगदी शुद्ध केलेलं रॉकेलच. रंग जवळजवळ नाहीच, असला तर गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा. याचा मोठा वैरी कोण, तर पाणी! विमान उंच गेलं की बाहेर शून्याखाली ४०-५० अंश थंडी. इंधन त्या थंडीत गोठू नये अशी काळजी घेतलेली असते, पण त्यातलं पाणी गोठणारच. बर्फाचे कण झाले की गाळण्या नि नळ्या तुंबायची भीती. शिवाय पाणी आणि रॉकेल जिथं एकमेकांना टेकतात तिथं चक्क बुरशी धरते! लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला तर काय होतं, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हे भय जुनंच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन मुंबईला विमान आणलं, तेव्हा वाटेत अहमदाबादला त्यांचं इंधन बैलगाडीतून आलं होतं. त्या काळी इंधन ओतताना नरसाळ्यात मऊ शामॉय चामडं घालायची रीत होती. त्यातून पेट्रोल खाली उतरे आणि पाणी वर राही. आपण पंचातून ताक गाळतो ना, त्यातलाच प्रकार. चामड्याच्या जागी आता मोठमोठी यंत्रं आली, पण काम तेच.

विमानापर्यंत इंधन नेणाऱ्या मोठ्या मोटारीला रिफ्युएलर म्हणतात. ती रात्रभर उभी राहिली की जड असलेलं पाणी तळाशी बसतं. म्हणून पहाटे पहिलं काम, टाकीच्या अगदी तळाचा नळ उघडून थोडं इंधन बरणीत काढायचं. गाळणीच्या पिंपाच्या तळातूनही काढायचं. मग बरणी गोल गोल फिरवायची. आत भोवरा तयार होतो आणि पाण्याचा थेंब, गंजाचा कण, जे काही असेल ते मधोमध गोळा होतं. इंधन कसं हवं? निवळशंख! धूसरपणा नको, तळाशी काही नको.

मी म्हटलं, "यात काय कठीण? डोळ्यांना दिसतंच की!" तर ह्यांनी दुसरी बरणी पुढं केली. तीही निवळशंख. म्हणाले, "ओळख." मी म्हटलं, इंधन. तर ते होतं नुसतं पाणी! दोन्ही शेजारी ठेवल्या तरी चटकन सांगता येईना. म्हणजे नळातून सगळं पाणीच आलं, तर बरणी पाहणाऱ्याला ती सगळ्यांत स्वच्छ दिसायची! म्हणून डोळ्यांवर भागत नाही. एका सिरिंजला छोटीशी डबी लावतात, तिच्यात पिवळा कागद असतो. त्यातून ५ मिलिलिटर इंधन ओढायचं. कागद पिवळाच राहिला तर ठीक. हिरवट झाला, तर डोळ्यांना न दिसणारं पाणी आहे असं समजायचं.

त्यानंतर गाळणी. ही आपल्या चहाच्या गाळणीसारखी नव्हे हं! मोठ्या पिंपात नळकांड्यांसारख्या गाळण्या उभ्या असतात. पहिल्या गाळण्या पाण्याचे बारीक कण एकत्र आणून त्यांचे मोठे थेंब करतात, म्हणजे ते तळाशी बसतात; दुसऱ्या गाळण्या उरलेलं पाणी अडवून फक्त इंधन पुढं सोडतात. गाळणीच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब, यांतला फरक रोज वहीत लिहायचा आणि त्याचा आलेख काढायचा. फरक हळूहळू वाढत गेला तर गाळणी भरत आली. हे आपल्यालाही कळतं. पण हे मला म्हणाले, "तो फरक एकाएकी कमी झाला, तर?" मी म्हटलं, बरंच की, मोकळी झाली असेल.

"तुझी पिठाची चाळणी एके दिवशी भराभर चाळायला लागली, तर तू खूश होशील?"

छे हो! कुठली बाई खूश होईल? ती चाळणी आधी उजेडाकडे धरून बघेल, कारण चाळणी फाटलीय हे तिला तत्क्षणी कळतं. अगदी तस्संच. काम अचानक सोपं झालं की आधी संशय घ्यायचा, हे मी त्या दिवशी शिकले.

आणि किती म्हणून सांगू! रबरी नळ्या हातानं चाचपून, वाकवून पाहायच्या. कुठं फुगवटा आला का, चीर गेली का, जोडाजवळ मऊ लागतं का. नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती काढून पाहायची. तिच्यात रबराचे काळे कण सापडले तर नळी आतून झिजायला लागली, बाहेरून कितीही नवीकोरी दिसो. थंडीत नायलॉनची साडी अंगावरून काढताना चटचट आवाज येतो ना, तशीच वीज इंधन नळीतून जोरात वाहताना तयार होते. म्हणून रिफ्युएलर आणि विमान एका तारेनं जोडतात. ही तार सगळ्यांत आधी जोडायची, सगळ्यांत शेवटी सोडायची, आणि ती कुठं तुटली तर नाही ना, हे मीटर लावून ठरावीक दिवशी तपासायचं. गाडीचे ब्रेक असे बांधलेले असतात की नळी जागेवर परत ठेवल्याशिवाय गाडी हलतच नाही. तेही खरोखर चालतं का, हे मुद्दाम करून पाहायचं.

एक दांडा मात्र मला फार आवडला. इंग्रजीत त्याला 'डेडमन' म्हणतात. नाव ऐकूनच कसंसं होतं! इंधन भरणाऱ्यानं तो हातात दाबून धरायचा. सोडला की प्रवाह बंद. माणसाला भोवळ आली, तो पडला, नाहीतर गप्पा मारायला कुणाकडे गेला, तरी इंधन थांबतं. म्हणजे तिथं माणूस जागा आहे, हाच परवाना! असा दांडा दुधाच्या पातेल्याला असता तर माझ्या शेगडीवर किती कमी दूध उतू गेलं असतं, असं मी म्हटलं तेव्हा सगळा डेपो हसला.

पण बायांनो, हसण्यापलीकडची गोष्ट आता सांगते.

१९९८ च्या जुलैतली. रात्रभर धो धो पाऊस. पहाटे ह्यांनी एका रिफ्युएलरची बरणी काढली, ती निवळशंख. पिवळा कागद लावला, तो हिरवट. पुन्हा तळाचं इंधन काढलं, पुन्हा कागद लावला, पुन्हा हिरवट. टाकीवर चढून पाहिलं, तर झाकणाच्या रबराला एका बाजूनं चीर. पावसाचं पाणी तिथून झिरपलं होतं. किती? चमचाभर असेल. ह्यांनी गाडी बाजूला काढली, किल्ली स्वतःकडे ठेवली. दुसरी गाडी लांबच्या विमानाला लागलेली. ती येईपर्यंत एक विमान पाऊण तासाहून जास्त खोळंबलं.

आणि योगायोग कसा पाहा, त्याच विमानात आमच्या वन्संचे यजमान! त्यांचं दिल्लीचं काम हुकलं. गणपतीला सगळं घर जमलं असताना आरतीनंतर त्यांनी विषय काढलाच.

"चमचाभर पाण्यासाठी दीडशे माणसं ताटकळत ठेवलीस, शाब्बास!"

हे म्हणाले, "भावोजी, दिसलं ते चमचाभर. न दिसलेलं किती, ते मला ठाऊक नव्हतं."

वन्सं काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी मोदकाचं ताट माझ्यापुढून जरा जोरातच उचललं.

कचेरीतूनही विचारणा झाली. गाडी का काढली, लेखी द्या. ह्यांनी वहीचं पान आणि तो हिरवा कागद जोडून दिला. प्रकरण तिथंच मिटलं. त्या वर्षी बढतीची यादी लागली, तिच्यात ह्यांचं नाव नव्हतं. या दोन गोष्टींचा संबंध होता की नाही, ते मी सांगू शकत नाही, आणि ह्यांनी कधी विचारलंही नाही. पण तेव्हा थोरला दहावीला होता, धाकटीच्या दातांना तार लावायची होती, आणि पगारातल्या वाढीचा हिशेब मी मनात केव्हाच करून ठेवला होता. कुठल्याही घरात असतं तेच.

एका रात्री न राहवून मी विचारलं, "समजा, जाऊ दिली असती ती गाडी, तर काय झालं असतं?"

मला वाटलं, हे म्हणतील, अनर्थ झाला असता, माणसं दगावली असती. म्हणजे मग माझ्याही मनाची समजूत पडली असती. पण हे थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बहुतेक काहीच नाही. पुढं गाळणी आहे, तिनं अडवलं असतं."

"मग?"

"मग काय? पुढच्या वेळी कागद हिरवा आला असता, तेव्हा मी म्हटलं असतं, मागे कुठं काय झालं होतं? आणि त्याच्या पुढच्या वेळी कागद लावलाच नसता."

तेव्हापासून माझ्या मनात हे वाक्य घर करून आहे. अनर्थाच्या भीतीनं काळजी घेणं सोपं असतं हो! घरात साप निघाला की सगळे बॅटरी घेऊन फिरतात. कठीण काय, तर दहा हजार वेळा काहीच न निघता, दहा हजार एकाव्या वेळी तितक्याच नीट पाहणं. रोज चांगलंच निघतं, म्हणून डोळा हळूहळू पाहायचं सोडतो आणि हात मात्र वहीत बरोबरच्या खुणा करत राहतो. वही भरलेली दिसते, आणि पाहिलेलं कुणीच नसतं.

असं कुठं होतं का, असं वाटत असेल तर ऐका. १३ एप्रिल २०१० ला इंडोनेशियातल्या सुराबायाहून हाँगकाँगला कॅथे पॅसिफिकचं एक विमान निघालं. आत कर्मचारी धरून ३२२ माणसं. सुराबायाच्या विमानतळावर जमिनीखालून इंधनाच्या नळ्या गेलेल्या आहेत. तिथं वाढीव काम चाललं असताना नळ्यांत खारं पाणी शिरलं होतं, आणि काम झाल्यावर त्या पुरेशा धुऊन निघाल्या नाहीत. तिथल्या गाळण्यांत पाणी शोषून फुगणारी भुकटी होती. तुम्हा तरुण आयांना ती ठाऊक आहे, बाळाच्या डायपरमध्ये असते त्याच जातीची. खाऱ्या पाण्यानं ती बिघडली आणि तिचे बारीक गोळे इंधनाबरोबर थेट विमानात गेले. त्यांनी दोन्ही इंजिनांच्या झडपा जाम केल्या. हाँगकाँग जवळ आलं तेव्हा एक इंजिन जोरात चालू ते कमी होईना, दुसरं मंद चालू ते वाढेना! कॅप्टन माल्कम वॉटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यानं ते विमान ताशी सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास वेगानं धावपट्टीवर टेकवलं. सगळी माणसं वाचली. घाईनं बाहेर पडताना पन्नासहून अधिक प्रवाशांना दुखापती झाल्या तेवढ्या.

२०१३ साली चौकशीचा अहवाल आला. हे तोवर निवृत्त झाले होते, पण बातमी त्यांनी दोनदा वाचली. त्या विमानात इंधन भरताना नळी थरथरत होती, म्हणून भरणं मध्ये थांबवावंही लागलं होतं. तरी ते पुन्हा सुरू करून पुरं केलं गेलं. गाळणीचा दाब कमीजास्त होतोय याचा अर्थ काय, हे भरणाऱ्याला पुरतं उमगलं नाही. कर्मचाऱ्यांना त्याचं शिक्षण आणि सावधगिरी कमी पडली, असं अहवालात म्हटलंय. पुढं जगभर या भुकटीच्या गाळण्या वापरातून काढून टाकायचं ठरलं. हे मला एवढंच म्हणाले, "नळी हातात थरथरत होती गं. ती सांगत होती."

आता तुम्ही म्हणाल, बाई, आम्हाला हे कशाला? आम्ही का विमानात इंधन भरायला जाणार आहोत? नाही जाणार. पण आपल्याही घरात एक नळी आहे, एक दाब आहे, एक गाळणी आहे, आणि रोज काही होत नाही म्हणून आपण तिकडं पाहायचं सोडलेलं आहे. ह्यांच्या डेपोत शिकलेल्या चार गोष्टी मी माझ्या स्वयंपाकघरात लावल्या, त्या सांगते.

एक, गॅसची रबरी नळी. तिच्यावर तारीख छापलेली असते, ती वाचा. साधारण पाच वर्षांनी नळी बदलायचीच, दिसायला चांगली असली तरी. आठवड्यातून एकदा ती हातानं वाकवून पाहा, विशेषतः शेगडीच्या आणि रेग्युलेटरच्या जोडाजवळ. चीर, कडकपणा, चिकटपणा, उंदराचे दात, काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. गळतीचा संशय असेल तर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की कळतं. काडी ओढून पाहण्याचा अघोरी प्रकार चुकूनही नको!

दोन, प्रेशर कुकर. झाकण लावण्याआधी शिट्टीची नळी उजेडाकडे धरा. आरपार दिसली पाहिजे. डाळीचा फेस तिथं अडकून बसतो. रबर सैल झालं असेल, सेफ्टी व्हॉल्व्ह जुना झाला असेल तर त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा घ्या. आणि कुकर एरवीपेक्षा लवकर नाहीतर उशिरा शिट्टी द्यायला लागला, तर "आज लवकर झालं बाई" म्हणून आनंद मानू नका. फाटकी चाळणी आठवा!

तीन, खूण करू नका, तारीख लिहा. डेपोत 'ठीक' असं लिहून चालत नसे, आकडा लिहावा लागे. कारण 'ठीक' न पाहताही लिहिता येतं, आकडा लिहायचा तर पाहावंच लागतं. माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. सिलिंडर कधी लावला, नळी कधी घेतली, पाण्याच्या फिल्टरची कँडल कधी घासली, गच्चीवरची टाकी कधी धुतली, सगळं तिथं तारखेसकट.

चार, कधीतरी दुसऱ्याला पाहायला सांगा. डेपोत बाहेरचे अधिकारी तपासणीला येत, तेव्हा आमच्या माणसांच्या नजरेतून सुटलेलं त्यांना नेमकं दिसे. त्यात अपमान कसला? रोजच्या डोळ्याला जे दिसत नाही ते पाहुण्या डोळ्याला दिसतं. सूनबाईला, जाऊबाईला, शेजारणीला म्हणा, "बघ गं जरा." त्यांनी काही दाखवलं तर रागावू मात्र नका!

घरकामाला नावाजत नाहीत, असं आपण बायका नेहमी म्हणतो, आणि ते खरंच आहे. गॅस गळला नाही, कुकर उडाला नाही, मुलांची पोटं बिघडली नाहीत, म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. ह्यांनाही कुणी हार घातला नाही. निवृत्तीच्या दिवशी एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते रोज दोन मिनिटं मागं पडतं, आणि हे रोज सकाळी ते बरोबर करतात. 'रोजचंच तर आहे' हे शब्द आमच्या घरात कुरकुरीचे राहिलेले नाहीत. रोजचं आहे, म्हणूनच तर पाहायचं!

हे वाचून झालं की जरा उठाल का? मासिक तसंच उघडं राहू द्या. ओट्याखाली वाकून त्या नळीवरची तारीख तेवढी वाचून या.